हाली आणि कलदार : हैदराबादच्या मराठी घरांनी शाळा कशा निवडल्या



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावले, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मी याच शाळेचा विद्यार्थी. पुढे आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालो. तेव्हा संतवाङ्मय किंवा मराठवाड्यातील लेखकांची कामगिरी असा एखादा विषय मी घेईन, अशी आपली अपेक्षा असणार. तो मोह मी बाजूला ठेवला आहे. आजचा माझा विषय घरखर्चाच्या वहीतला आहे. घरातल्या कोणत्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हे हैदराबादच्या मराठी कुटुंबांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कसे ठरवले, आणि त्या ठरवण्यातून आपल्या शाळांचे काय झाले, हे मला पाहायचे आहे.

याचे कारण आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्या मराठी माध्यमाचे वर्ग पुढे चालवावेत की बंद करावेत, हा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे आहे. मंडळाचा सभासद म्हणून मलाही त्यावर मत द्यावयाचे आहे. ही चर्चा निघाली की आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. पालकांना मातृभाषेचे प्रेम राहिले नाही, असे एक पक्ष म्हणतो. काळच बदलला, त्याला कोण काय करणार, असे दुसरा म्हणतो. पहिल्यात राग आहे आणि दुसऱ्यात सुटका आहे. घराघरांतून हा निर्णय प्रत्यक्षात कसा होत आला, याचा विचार मात्र दोहोंतही नाही.

१

ज्यांचे बालपण निजामी राज्यात गेले, अशी माणसे आता फार थोडी राहिली आहेत. त्यामुळे एक गोष्ट सांगितली पाहिजे. निजामाच्या राज्यात स्वतःचे नाणे चाले. त्याला हाली सिक्का म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार, असा भाव असे. राज्याच्या हद्दीत हाली रुपयावर सारा संसार चाले. पण सोलापूरला, पुण्याला किंवा मद्रासला जावयाचे तर सराफाकडून कलदार करून घ्यावे लागत, आणि त्यात बट्टा पडे. माझे वडील वही लिहीत तेव्हा रकमेपुढे ‘हा.’ किंवा ‘क.’ अशी खूण करीत. पुढे १९४८ नंतरच्या दशकात हाली नाणे चलनातून गेले.

शाळेचा दाखला हाही एका अर्थी नाणेच असतो. मुलाने किती ज्ञान मिळवले हे नोकरी देणाऱ्याला दिसत नाही. त्याला कागदावरचा शिक्का दिसतो. तो शिक्का कोणत्या मुलखात चालतो आणि कोठे त्यावर बट्टा पडतो, हे घरातली कर्ती माणसे फार बारकाईने पाहतात. शाळा निवडताना मराठी कुटुंबांनी हेच पाहिले, असे माझे म्हणणे आहे. भाषेचे प्रेम त्यांना नव्हते असे मुळीच नाही. परंतु ज्याच्यावर दहा माणसांचे पोट अवलंबून आहे, त्याला प्रेमाचा विचार दाखल्याच्या विचारानंतर करावा लागतो.

२

हैदराबाद राज्यात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची आणि कचेऱ्यांची भाषा झाली. राज्यातले सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलत. गावपातळीवर कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत चाले. पण गावच्या वेशीबाहेर पडून सरकारी नोकरी करावयाची तर उर्दूवाचून गत्यंतर नव्हते. इंग्रजीची वाट वेगळी होती. या शहरात सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल १८३४ पासून आणि ऑल सेंट्स स्कूल १८५५ पासून होते. १८८७ साली निजाम कॉलेज निघाले आणि ते मद्रास विद्यापीठाला जोडले गेले. निजामाच्या राजधानीत बसून मद्रासचा शिक्का मिळवण्याची ती सोय होती. शिक्षणातला कलदार तो हा. पण तो मूठभर घरांनाच परवडे.

या पार्श्वभूमीवर १९०७ साली विवेकवर्धिनी पाठशाळा निघाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी ती उभी केली. त्याच वर्षी गुलबर्ग्यात नूतन विद्यालय निघाले. सरकारी कृपेवर न विसंबता आपली मुले आपल्या भाषेत शिकवावीत, ही स्वदेशीच्या काळातली प्रेरणा त्यामागे होती. तिचे मोल मी कमी करीत नाही. परंतु एक प्रश्न त्या शाळांना पहिल्या दिवसापासून होता, आणि तो चालकांनाही कळत असणार: येथला मुलगा पुढे कोठे जाईल? निजामाच्या कचेरीत मराठी शिक्षणाला भाव नव्हता. आणि मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसावयाचे तर मुलाला राज्याबाहेर ठेवण्याचा खर्च होता.

खुद्द केशवरावांच्या घरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केशवराव हे नामांकित वकील, पुढे हैदराबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि आर्य समाजाचे पुढारी. मराठी शाळा उभारणाऱ्या या गृहस्थांचे चिरंजीव विनायकराव हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत शिकले. तेथील ‘विद्यालंकार’ ही पदवी त्यांनी नावापुढे कायमची लावली. गुरुकुलाच्या पदव्यांना त्या काळी सरकारी मान्यता नव्हती. म्हणजे हाली नव्हे आणि कलदारही नव्हे, असे तिसरेच नाणे त्या घराने निवडले. पुढे विनायकराव बॅरिस्टर झाले आणि पोलीस कारवाईनंतरच्या काळात हैदराबाद राज्याचे मंत्री झाले. एवढी लांबची उडी घेणे ज्या घराला शक्य होते, ते घर सामान्य नव्हते. सामान्य घराला एकच डाव खेळता येत असे, आणि तो चुकला तर दुसरा नसे.

३

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हिंदुस्थानातले ते पहिले विद्यापीठ. वैद्यक, स्थापत्य, कायदा हे सारे विषय उर्दूतून शिकवावयाचे, आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग चालवावयाचा, हा प्रयोग असामान्य होता. परक्या भाषेच्या ओझ्याखाली विद्यार्थ्याची बुद्धी दबते, हा त्यामागचा विचार शैक्षणिकदृष्ट्या अगदी खरा होता. अडचण एवढीच की, राज्यातल्या बहुसंख्य मुलांची मातृभाषा उर्दू नव्हती. तेलुगू, मराठी आणि कानडी मुलांच्या दृष्टीने एक परकी भाषा जाऊन दुसरी आली.

तरीही मराठी घरांतून मुले उस्मानियाच्या वाटेने गेली, आणि ती वेडी नव्हती. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकऱ्यांत मुल्की लोकांना, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांना, अग्रहक्क मिळाला. उस्मानियाचा शिक्का आणि मुल्की असल्याचा दाखला हातात असला, की राज्याच्या हद्दीत नोकरीची वाट बरीच मोकळी होत असे. हाली नाण्याला हद्दीच्या आत पूर्ण मोल होते.

आमच्या घरची हकीकत येथे सांगतो. आजोबा नांदेडकडच्या एका खेड्याचे कुलकर्णी. त्यांना दोन मुलगे. थोरल्याला, म्हणजे माझ्या काकांना, त्यांनी शहरातल्या मराठी शाळेत घातले. धाकट्याला, म्हणजे माझ्या वडिलांना, सरकारी उर्दू शाळेत. दोघे शहरात एकाच नातेवाइकाच्या ओसरीवर राहिले आणि वार लावून जेवले. त्या काळच्या शिक्षणखर्चाचा विचार करताना आपण फी पाहतो. खरा खर्च राहण्याजेवण्याचा होता. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार ज्याला मिळाले त्याचे शिक्षण झाले. ज्या मुलाचे दोन वार मोकळे राहिले, तो गावी परत गेला. पुष्कळांची शाळा अशी भाकरीने ठरवली.

दोन मुलांना दोन शाळा का, असे मी वडिलांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, “तुझ्या आजोबांनी एका शेतात ज्वारी पेरली, दुसऱ्यात कापूस.” आजोबांना कापसाचा भाव आधी कळत नसे, आणि राज्य कोणत्या भाषेत चालेल हेही सांगता येत नव्हते.

वडील उस्मानियाची मॅट्रिक होऊन एका कचेरीत कारकून झाले. काका पुण्याहून मॅट्रिक होऊन आले आणि मराठवाड्यातल्या एका खाजगी मराठी शाळेत शिक्षक झाले. त्यांचा पगार तुटपुंजा, आणि तोही वेळेवर मिळेल असे नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून खाजगी शाळा चालवण्यासाठी सरकारी परवानगीची अट आली, आणि ती मिळवण्यात अशा शाळांच्या चालकांची शक्ती खर्च होऊ लागली. काकांच्या मुलांच्या पुस्तकांचे पैसे कित्येक वर्षे आमच्या घरून जात. वहीत त्या रकमा ‘दादा’ या नावापुढे लिहिलेल्या आहेत. त्या काळी कोणालाही विचारले असते, तर धाकट्याची निवड बरोबर आणि थोरल्याची चूक, असेच उत्तर मिळाले असते.

४

नाण्याचे मोल राज्यकर्त्यावर अवलंबून असते, याचा अनुभव १९३८ साली आला. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून संघर्ष सुरू झाला आणि तो उस्मानिया विद्यापीठात पोहोचला. गीत म्हणण्याचा आग्रह धरणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे कमी झाली. ज्या शिक्क्यासाठी घरांनी वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेतला होता, तो एका हुकमाने हातचा गेला. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. कुलगुरू केदार यांची त्यातली भूमिका हैदराबादच्या जुन्या पिढीने कृतज्ञतेने स्मरणात ठेवली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे अशाच विद्यार्थ्यांपैकी एक. त्यांना मराठी उत्तम येत असे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली.

पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. उस्मानियात उर्दूची जागा लवकरच इंग्रजीने घेतली. कचेऱ्यांतल्या टिपणांची भाषा बदलली. माझे वडील तेव्हा अडतिशीचे होते. वीस वर्षे सुंदर उर्दू खुशखत लिहिणारा हा माणूस संध्याकाळी टंकलेखनाच्या वर्गात तरुण पोरांशेजारी बसून इंग्रजी मसुदे गिरवू लागला. नोकरी टिकली, बढती मिळाली नाही.

आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. काकांची ती गरीब शाळा आता मराठी राज्यातली मान्यताप्राप्त शाळा झाली. तिला अनुदान मिळू लागले, काका मुख्याध्यापक झाले आणि निवृत्तिवेतन घेऊन सुखाने गेले. जी निवड तीस वर्षे चुकीची वाटत होती, ती सरहद्दीची एक रेघ सरकल्याबरोबर बरोबर ठरली. आणि वडिलांची निवड त्यांच्या हातून काही चूक न होता बुडाली.

यावर कोणी म्हणेल, उर्दूचे शिक्षण मग वायाच गेले. तसेही नाही. सेतुमाधवराव पगडी हे हैदराबादच्या मुलकी सेवेतले अधिकारी. उर्दू-फारसीवरील त्यांच्या प्रभुत्वामुळे मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठी वाचकांपुढे आली, आणि पुढे ते महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचे संपादक झाले. पण अशी बुडालेली भाषा पुन्हा कामाला लावणारे विद्वान विरळा. कारकुनाला ते साधत नाही.

५

या हिशेबात मुलींचा विचार कोठे होता, हे पाहिले पाहिजे. माझ्या दोन्ही बहिणी या शाळेत शिकल्या. त्यांना उर्दू किंवा इंग्रजी शाळेत घालावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. मुलीने मिळवून आणावयाचे नाही, अशी समजूत. तेव्हा तिच्या दाखल्याचा भाव पाहण्याचे कारण नव्हते. शाळा घराजवळ असावी, शिक्षिका ओळखीच्या असाव्यात आणि फी थोडी असावी, एवढे पुरे. एक गोष्ट मात्र पाहिली जाई. स्थळे नांदेड, परभणी, सोलापूर, पुणे या बाजूंची येत, आणि मुलीला मराठी लिहितावाचता येणे तेथे आवश्यक मानले जाई.

म्हणून या शहरातल्या पुष्कळ घरांत मराठी टिकली ती मुलींच्या दप्तरांत. ज्या शाळेकडे मुलांच्या बाबतीत पाठ फिरवली, तिलाच मुलींच्या बाबतीत पसंती मिळाली, आणि दोहोंमागचा हिशेब एकच होता. याबद्दल आपण अभिमान बाळगावा की खेद, हे मला आजही ठरवता येत नाही. माझी थोरली बहीण लग्न होऊन परभणीला गेली, आणि याच शाळेच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. तिच्याकडून मिळकतीची अपेक्षा कोणी केली नव्हती. तिने मात्र तीस वर्षे संसार चालवला.

आता माझ्याविषयी. थोरला भाऊ शहरातल्या एका इंग्रजी शाळेत होता. त्याची एका महिन्याची फी ही आम्हा तिघा भावंडांच्या वर्षाच्या फीइतकी होती, हे मी वडिलांच्या वहीत पाहिले आहे. दुसऱ्या मुलाला तेथे घालणे शक्य नव्हते. म्हणून १९५५ साली मी येथे आलो. माझी मराठीनिष्ठा ही अशी आर्थिक टंचाईतून जन्मास आली. सत्कारसमारंभांत माझ्या मातृभाषाप्रेमाचे जे वर्णन होते, ते ऐकताना मला ती वही आठवते.

६

१९५६ नंतर येथे राहिलेल्या मराठी घरांपुढे नवाच पेच पडला. राज्याची भाषा तेलुगू. शेजारची बोली दखनी. घरची भाषा मराठी. आणि वरच्या नोकऱ्यांची भाषा इंग्रजी. साठच्या दशकापासून या शहरात केंद्र सरकारचे मोठे कारखाने आणि संशोधनसंस्था आल्या. तेथल्या माणसाची बदली भोपाळला होई किंवा बंगळूरला. मुलांना कोठेही उचलून नेता यावे, असा दाखला हवा होता. पुढे संगणकाचा व्यवसाय आला. १९९८ मध्ये हायटेक सिटीचे उद्घाटन झाले. आता तर नाणे अमेरिकेत चालेल की नाही, हे पाहिले जाऊ लागले. इंग्रजी हा नवा कलदार झाला, आणि तो बदलून देणारे सराफ गल्लोगल्ली बसले.

या ठिकाणी अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या एका छोट्या ग्रंथाची मला आठवण होते. नायजेरियात रेल्वेची सेवा वाईट होती. शेजारून मालमोटारी धावू लागल्यावर स्पर्धेमुळे रेल्वे सुधारेल, असे वाटले होते. ती सुधारली नाही. कारण ज्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला असता, तीच सर्वांत आधी मालमोटारींकडे गेली. मागे राहिलेल्यांना आवाज नव्हता. बाहेर पडणे आणि आवाज उठवणे हे दोन मार्ग असतात. पहिला सोपा झाला की दुसरा दुबळा होतो. शाळांचेही असेच होते, हे हिर्शमन यांनी त्याच ग्रंथात दाखवले आहे.

आपल्या शाळेत हेच घडले. सत्तरच्या दशकापर्यंत वकिलांची, डॉक्टरांची, प्राध्यापकांची मुले येथे असत. गणिताचा शिक्षक दोन महिने नसला, तर तिसऱ्या महिन्यात पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत बसत. मग ती मुले गेली. पालक मात्र गेले नाहीत. ते कार्यकारी मंडळावर राहिले, देणग्या देत राहिले, गणेशोत्सवात व्याख्याने देत राहिले. गणिताचा शिक्षक सहा महिने नसला, तरी आता त्यांच्या घरात ते कोणी सांगत नव्हते. प्रत्येक घराचा निर्णय त्या घरापुरता बरोबर होता. त्या निर्णयांची बेरीज शाळेच्या वाट्याला आली.

बेरीज करणाऱ्यांत मी आहे. १९८० साली माझ्या मुलाला मी एका नामांकित इंग्रजी शाळेत घातले. मुलाखत त्याची आणि आम्हा दोघांचीही झाली. त्याच वर्षी मी मातृभाषेतील शिक्षणावर एक परिसंवाद घडवून आणला होता, आणि अध्यक्षीय समारोपही केला होता. प्रवेशाच्या सुमारास एका संध्याकाळी गुरुजी घरी आले. चहा झाला. मग त्यांनी सरळ विचारले, “मुलाला आपल्याकडे कधी पाठवता?” मी सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “हरकत नाही. रविवारी सकाळी पाठवा.” पुढे सहा वर्षे ते माझ्या मुलाला दर रविवारी मराठी वाचावयास शिकवीत होते. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि मला एका शब्दानेही टोचले नाही. ते टोचले असते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

७

पालकांची ही निवड शिक्षणाच्या दृष्टीने तरी यशस्वी होते का? योगायोग असा की, या प्रश्नाचा जगातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच भागात झाला. इंग्लंडचे प्राध्यापक जेम्स टूली यांना २००० च्या सुमारास चारमिनारच्या परिसरात गरीब वस्त्यांतल्या स्वस्त खाजगी शाळा मोठ्या संख्येने आढळल्या. त्यावर त्यांनी २००९ साली ग्रंथ लिहिला. गरीब बाप सरकारी शाळा फुकट असूनही फी भरतो, तेव्हा त्याचा काही हिशेब असतो, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २००८ ते २०१२ या काळात अविभाजित आंध्र प्रदेशाच्या पाच जिल्ह्यांतील १८० गावांत अधिक काटेकोर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेचा खर्च देण्यात आला. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत ती मुले सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे गेलेली नव्हती. हिंदीत मात्र बरीच पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी बहुधा शिकवलीच जात नव्हती. खाजगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. तेलुगूतून एकदम इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना त्या बदलाचा तोटा होत असावा, असेही या अभ्यासात सूचित झाले.

यावरून दोन्ही पक्षांनी धडा घ्यावा. खाजगी शाळा तेवढेच शिक्षण पुष्कळ कमी खर्चात देतात, हे खरे. पण पालक ज्या आशेने जातात, ती शिकण्याच्या बाबतीत आपोआप सफल होत नाही, हेही खरे. बाप दाखल्याचा भाव ओळखतो. मूल वर्गात किती शिकते हे त्याला दिसत नाही. ते पाहणे हे शाळेचे काम आहे.

८

आता आपल्या निर्णयाकडे येतो. २०१८ च्या कायद्याने तेलंगणात तेलुगू सर्व शाळांत टप्प्याटप्प्याने आवश्यक झाली. ज्या राज्यात आपण राहतो त्याची भाषा मुलांना यावी, यात गैर काही नाही; पण वेळापत्रकात मराठीची तासिका त्यामुळे आकसली. २०२२-२३ पासून सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यम येऊ लागले. तेव्हा मराठी माध्यमाला आता कोणी विचारत नाही, असे मंडळात म्हटले जाते.

हे म्हणण्यापूर्वी आपण हजेरीपट वाचावा. मी तो गेल्या महिन्यात वाचला. आपल्या मराठी वर्गांत आज जी मुले आहेत, ती देगलूर, उदगीर, बिदर या बाजूंनी बांधकामावर आणि लहानसहान नोकऱ्यांवर आलेल्या लोकांची आहेत. काही सांगली जिल्ह्यातून सोन्याचांदीच्या गलाई कामासाठी आलेल्या घरांतली आहेत. ही कुटुंबे येथे कायमची राहणार नाहीत. काम संपले, आईवडील थकले, की मुलाला गावच्या शाळेत घालावे लागते. त्या मुलाला तेथे पुढच्या इयत्तेत बसवणारा दाखला मराठीचाच आहे. माझ्या मुलाच्या दृष्टीने मराठी माध्यम हाली होते. या मुलांच्या दृष्टीने तोच कलदार आहे. आपण मंडळात बसून आपल्या घरातल्या हिशेबाने त्यांच्या शाळेचा निर्णय करीत आहोत, आणि त्यांच्यापैकी एकही पालक मंडळावर नाही.

म्हणून माझे मत मी येथेच सांगून टाकतो. मराठी माध्यमाचे वर्ग बंद करण्याच्या ठरावाला माझा विरोध राहील. त्याबरोबर माझ्या तीन सूचना आहेत. या वर्गांतल्या पालकांपैकी दोघांना मंडळावर घ्यावे, आणि त्यांत एक आई असावी. मराठी वर्गांना इंग्रजी आणि तेलुगू शिकवण्यासाठी चांगले शिक्षक नेमावेत, म्हणजे जो येथेच राहील त्याचेही नुकसान होणार नाही. आणि आपल्या इंग्रजी माध्यमातील मराठी मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग शाळेने पुन्हा सुरू करावा. त्याचा खर्च ज्यांनी आपली मुले या शाळेत घातली नाहीत, अशा माझ्यासारख्या सभासदांनी उचलावा. माझा वाटा मी आज कार्यालयात भरला आहे.

गुरुजींनी तो वर्ग एका मुलासाठी चालवला होता. आता मुले अधिक मिळतील, अशी माझी खात्री आहे; न मिळाल्यास एकापासून सुरुवात करावी.